शरणपूर ते म्हसरूळ : नाशिकच्या उच्च शिक्षणातील स्त्रिया आणि अधिकारपदे

महाराष्ट्रातील स्त्रीशिक्षणाचा इतिहास बहुतेक वेळा प्रवेशाचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. मुलींची पहिली शाळा कोणी काढली, पहिली पदवी कोणाला मिळाली, पहिली डॉक्टर कोण झाली, या पायऱ्यांची नोंद त्यात काळजीपूर्वक केलेली सापडते. परंतु शिकलेली आणि पुढे शिकवू लागलेली स्त्री निर्णयाच्या खुर्चीपर्यंत केव्हा पोहोचली, कोणत्या वाटेने पोहोचली आणि कोठे अडली, हा इतिहास निराळा आहे. महाविद्यालयाचा प्राचार्य, वैद्यकीय महाविद्यालयाचा अधिष्ठाता, विद्यापीठाचा कुलसचिव व कुलगुरू आणि महाविद्यालये चालवणाऱ्या शिक्षणसंस्थेचा सरचिटणीस यांना येथे अधिकारपदे म्हटले आहे, कारण नेमणुका, पैसा आणि धोरण यांविषयीचा अखेरचा शब्द याच पदांकडे असतो. या इतिहासासाठी नाशिक हे विशेष महत्त्वाचे शहर आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी लोकवर्गणीतून आणि देणग्यांतून उभ्या राहिलेल्या दोन मोठ्या शिक्षणसंस्था येथे आहेत, राज्यव्यापी कार्यक्षेत्र असलेली दोन विद्यापीठेही येथे आहेत, आणि मुंबई विद्यापीठाची पहिली स्त्री पदवीधर याच गावात जन्मली.

त्या पदवीधर स्त्रीकडे वळण्यापूर्वी नाशिकमधील एका समारंभाची नोंद घेणे आवश्यक आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १८७० च्या दशकाच्या उत्तरार्धात न्यायखात्यातील बदलीमुळे नाशिकला आले आणि तेथील हायस्कुलात झालेल्या समारंभात त्यांच्या पत्नी रमाबाई प्रमुख पाहुण्या म्हणून प्रथमच लोकांपुढे उभ्या राहिल्या. त्या वेळी त्यांनी केलेले भाषण न्यायमूर्तींनी लिहून दिलेले होते. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा रोष सोसून, लग्नानंतर अक्षरओळखीपासून शिकलेल्या या तरुणीने पुढे पुण्याच्या सेवासदनाची धुरा वाहिली आणि स्वतःच्या शब्दांत आत्मकथन लिहिले, तेव्हा त्या पहिल्या भाषणावरून त्यांची योग्यता मापणे अन्यायाचे होईल. मात्र स्त्रीने व्यासपीठावर यावे, सन्मानाने बसावे आणि तिने काय बोलावे हे दुसऱ्याने ठरवावे, ही घडण त्या दिवशी नाशिकमध्ये जशी दिसली तशी ती पुढे अनेक दशके शिक्षणसंस्थांच्या कार्यक्रमपत्रिकांमधून दिसत राहिली. पाहुणी म्हणून स्त्रीला स्थान मिळण्यास फार वेळ लागला नाही. यजमान म्हणून स्थान मिळण्यास एक शतक जावे लागले.

कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८६६ रोजी नाशिकला झाला. त्यांचे वडील रेव्हरंड सोराबजी खरसेटजी हे पारशी कुटुंबातून ख्रिस्ती झालेले मिशनरी होते आणि आई फ्रान्सिना या पुढे पुण्यात शाळा चालवणाऱ्या शिक्षिका म्हणून नावारूपाला आल्या. नाशिकजवळ चर्च मिशनरी सोसायटीने वसवलेल्या शरणपूर या वसाहतीत तेव्हा धर्मांतरित कुटुंबांबरोबरच अरबी समुद्रातील गुलामांच्या जहाजांवरून सोडवून आणलेली आफ्रिकी मुलेही शिकत होती. आज शहरातील एका गजबजलेल्या रस्त्याला उरलेल्या शरणपूर या नावामागे हा सगळा इतिहास आहे. मुंबई विद्यापीठाने पदवीचे दार स्त्रियांना १८८३ मध्ये उघडल्यावर कॉर्नेलिया पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाल्या. तेथे त्या एकट्याच विद्यार्थिनी होत्या आणि वर्गात येऊ नये म्हणून मुले त्यांच्या तोंडावर दारे लावून घेत, असे त्यांच्या चरित्रात येते. अंतिम परीक्षेत त्या अग्रभागी आल्या. अशा यशाला इंग्लंडमध्ये शिकण्यासाठी जी सरकारी शिष्यवृत्ती मिळत असे, ती मात्र उमेदवार स्त्री आहे एवढ्याच कारणावरून त्यांना नाकारण्यात आली.

या नकारानंतर घडलेली गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक बोलकी आहे. अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात, म्हणजे केवळ मुलगे शिकत असलेल्या महाविद्यालयात, कॉर्नेलिया यांना इंग्रजी शिकवण्याची तात्पुरती नेमणूक मिळाली. विशीच्या उंबरठ्यावरील ही स्त्री जवळपास आपल्याच वयाच्या पुरुष विद्यार्थ्यांपुढे उभी राहून त्यांना शिकवत होती, याचा अर्थ स्त्रीला वर्ग सांभाळता येणार नाही हा आक्षेप १८८८ च्या सुमारासच प्रत्यक्ष कामाने खोटा ठरला होता. पण ती नेमणूक तात्पुरती होती. पुढे इंग्लंडमधील हितचिंतकांनी पैसा उभा केल्यामुळे त्या १८८९ मध्ये ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजात गेल्या. १८९२ मध्ये विद्यापीठाने खास ठराव केल्यावर त्यांना कायद्याच्या बी.सी.एल. परीक्षेस बसता आले, आणि त्या परीक्षेची पदवी हातात पडण्यास १९२२ साल उजाडावे लागले, कारण ऑक्सफर्ड स्त्रियांना पदव्या देऊ लागले तेच १९२० मध्ये. परीक्षा देता येते पण पदवी मिळत नाही, शिकवता येते पण कायम होता येत नाही, अशी ही स्थिती होती. पात्रता आणि पद यांच्यामध्ये उभ्या असलेल्या भिंतीचे इतके स्वच्छ उदाहरण महाराष्ट्राच्या इतिहासात दुसरे क्वचितच सापडेल.

ही भिंत नाशिकमध्ये कशी बांधली गेली हे समजण्यासाठी येथील शिक्षणसंस्थांची रचना पाहावी लागते. बहुजन समाजातील मुलांच्या शिक्षणासाठी १९१४ मध्ये मराठा विद्या प्रसारक समाजाची स्थापना झाली. कर्मवीर रावसाहेब थोरात, भाऊसाहेब हिरे, काकासाहेब वाघ, अण्णासाहेब मुरकुटे अशा कार्यकर्त्यांनी गावोगाव फिरून, धान्य आणि रोकड गोळा करून ती वाढवली. नामदार गोखले यांच्या स्मरणार्थ १९१८ मध्ये निघालेल्या गोखले एज्युकेशन सोसायटीने १९२४ मध्ये नाशिकला हंसराज प्रागजी ठाकरसी महाविद्यालय सुरू केले, आणि ज्याला आज सगळे शहर कॉलेज रोड म्हणते त्या भागाला त्या महाविद्यालयामुळेच ते नाव मिळाले. या माणसांचा त्याग निर्विवाद आहे. परंतु त्यागाची जी कल्पना या काळात रूढ झाली, तिच्यातच स्त्रीला वगळणारी एक अट न लिहिता सामावलेली होती. पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीने घालून दिलेला आदर्श आजीव सदस्याचा होता. आजीव सदस्य म्हणजे दरमहा ७५ रुपयांसारख्या अल्प वेतनावर वीस वर्षे संस्थेची सेवा करण्याची शपथ घेतलेला प्राध्यापक. संस्थेचा कारभार आणि प्राचार्यपद अशाच सेवकांच्या हाती राहत असे. एवढ्या पगारात आयुष्य वाहून टाकायचे तर घर, मुले, आलागेला आणि आजारपण सांभाळणारे दुसरे कोणीतरी घरात असावे लागते. ते कोणीतरी म्हणजे सेवकाची पत्नी होती. तिच्या विनावेतन श्रमांवर आजीव सेवेचा आदर्श उभा होता, आणि तीच पत्नी स्वतः आजीव सेविका होऊ इच्छिती तर तिच्यासाठी तसे घर सांभाळणारे कोणी नव्हते.

महाविद्यालयांची नावे हाही या रचनेचा पुरावा आहे. नाशिकमध्ये ती बहुधा आद्याक्षरांनी ओळखली जातात, त्यामुळे त्यांमागची माणसे सहसा लक्षात येत नाहीत. के.टी.एच.एम. मधील तिन्ही आडनावे थोरात, हिरे आणि मुरकुटे या कर्मवीरांची आहेत; आर.वाय.के. आणि बी.वाय.के. ही अनुक्रमे रावजीसा आणि भिकुसा यमासा क्षत्रिय यांची नावे आहेत. देवळाली कॅम्पच्या महाविद्यालयाला श्रीमती विमलाबेन खीमजी तेजुकाया यांचे नाव आहे आणि ज्या महिला विद्यापीठाचा उल्लेख पुढे येणार आहे त्यालाही नाथीबाई दामोदर ठाकरसी या देणगीदाराच्या मातेचे नाव आहे, पण अशा ठिकाणी स्त्रीचे नाव देणगीदार कुटुंबाच्या स्मृतीसाठी येते. संस्थापक आणि कारभारी म्हणून कोरलेली नावे पुरुषांची असतात.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये सुरू केलेले महिला विद्यापीठ हा या काळातील एकमेव मोठा अपवाद, कारण स्त्रियांच्या संस्थेत स्त्रियांना वरची पदे मिळणे स्वाभाविक होते. विठ्ठलदास ठाकरसी यांनी १९२० मध्ये दिलेल्या १५ लाख रुपयांच्या देणगीमुळे ते स्थिरावले. तरीही त्याचे पहिले कुलपती रामकृष्ण गोपाळ भांडारकर आणि पहिले कुलगुरू रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे होते. इरावती कर्वे १९३० च्या दशकात तेथे कुलसचिव झाल्या, आणि हंसा मेहता कुलगुरू झाल्या त्या १९४६ मध्ये, म्हणजे विद्यापीठ सुरू झाल्यानंतर ३० वर्षांनी. एकदा ही वाट पडल्यावर मात्र ती बुजली नाही. प्रेमलीला ठाकरसी, शारदा दिवाण, माधुरी शहा, सुमा चिटणीस अशी परंपरा तेथे निर्माण झाली. माधुरी शहा पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या, आणि त्यांच्यानंतर त्या पदावर आलेल्या दुसऱ्या आणि आजवरच्या अखेरच्या स्त्री अर्मायती देसाई याही मुंबईच्याच शैक्षणिक जीवनातून आल्या होत्या. नाशिकसारख्या जिल्ह्याच्या गावी मात्र स्वतंत्र महिला महाविद्यालय चालवण्याचा खर्च परवडणारा नव्हता. मुली सहशिक्षणाच्या महाविद्यालयात शिकल्या आणि ते योग्यच झाले. पण जेथे स्त्रीला प्राचार्यपद सहज मिळाले असते अशी संस्थाच बराच काळ गावात नव्हती. पुढे गोखले एज्युकेशन सोसायटीने महिला महाविद्यालय काढले, तेव्हा त्याची संलग्नता पुणे विद्यापीठाशी न ठेवता मुंबईच्या महिला विद्यापीठाशी ठेवण्यात आली.

पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झाले आणि नाशिक जिल्हा त्याच्या कक्षेत आला. मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू झाले, त्यानंतर त्या आसनावर अनेक नामवंत विद्वान येऊन गेले, २०१४ मध्ये विद्यापीठाच्या नावात सावित्रीबाई फुले हे नाव जोडले गेले, आणि २०२३ मध्ये नेमणूक झालेल्या कुलगुरूंपर्यंतच्या मालिकेत नियमित कुलगुरू म्हणून एकही स्त्री नाही. सावित्रीबाई स्वतः शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, शिक्षक घडवत होत्या, संस्था चालवत होत्या. त्यांच्या नावाच्या विद्यापीठात पाऊण शतकात एकाही स्त्रीला ते पद मिळू नये ही वेदनादायक गोष्ट आहे आणि ती तशीच नोंदवली पाहिजे. मुंबई विद्यापीठाला १८५७ पासून १९९५ पर्यंत थांबावे लागले. त्या वर्षी डॉ. स्नेहलता देशमुख पहिल्या महिला कुलगुरू झाल्या.

या विलंबाचे कारण स्त्रिया शिकत नव्हत्या किंवा शिकवत नव्हत्या, हे आता म्हणता येत नाही. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणाच्या २०२१-२२ च्या अहवालानुसार देशातील उच्च शिक्षणात २.०७ कोटी विद्यार्थिनी होत्या आणि अध्यापकांमध्ये स्त्रियांचे प्रमाण ४३.४ टक्के होते. अडचण वरच्या पायऱ्यांवर आहे आणि ती नियमांच्या भाषेत शोधावी लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे प्राचार्य होण्यासाठी पीएच.डी., १५ वर्षांचा अध्यापन व संशोधनाचा अनुभव आणि किमान १० शोधनिबंध लागतात, तर कुलगुरूपदासाठी प्राध्यापक या वरच्या अध्यापक श्रेणीत १० वर्षांचा अनुभव अपेक्षित असतो. महाराष्ट्रात कुलगुरूचा कार्यकाळ पाच वर्षांचा, पण वयाची ६५ वर्षे पूर्ण होताच तो संपतो. हे नियम स्त्री-पुरुष भेद करत नाहीत. तथापि पंचविशीत नोकरीला लागलेल्या, पुढची दहा-बारा वर्षे बाळंतपण, मुले आणि सासू-सासऱ्यांचे आजारपण यांत गेलेल्या, चाळिशीत प्रबंध पुरा केलेल्या आणि ५३ व्या वर्षी प्राध्यापक श्रेणी मिळालेल्या स्त्रीचा हिशेब मांडला, तर ती कुलगुरूपदाला पात्र ठरते तेव्हा ६३ वर्षांची झालेली असते आणि तिच्या वाट्याला येऊ शकणारा कार्यकाळ दोन वर्षांचा उरतो. पाच नावांची शिफारस करणारी शोध समिती असा अर्ज कोणत्याही दुष्ट हेतूशिवाय बाजूला ठेवते.

पात्रता पुरी झाली तरी कामाच्या वाटणीचा प्रश्न राहतो. महाविद्यालयात विद्यार्थिनी कल्याण, सांस्कृतिक मंडळ, स्नेहसंमेलन, तक्रार निवारण समिती आणि नॅक मूल्यांकनाच्या फाइली ही कामे अध्यापिकांकडे मोठ्या विश्वासाने सोपवली जातात, तर बांधकाम, खरेदी, अनुदानासाठी मंत्रालयात होणाऱ्या चकरा आणि संस्थाचालकांशी होणाऱ्या बैठका पुरुष सहकाऱ्यांकडे राहतात. मुलाखतीत प्रशासकीय अनुभव म्हणून दुसऱ्या प्रकारच्या कामांची मोजणी होते. प्राचार्यांच्या दालनात भिंतीवर एक लाकडी फलक असतो. त्यावर स्थापनेपासूनच्या प्राचार्यांची नावे आणि त्यांच्या कारकिर्दीच्या तारखा पांढऱ्या रंगात ओळीने लिहिलेल्या असतात. महाराष्ट्रातील अशा फलकांवर स्त्रीचे नाव आढळते तेव्हा त्यापुढे कंसात ‘प्रभारी’ हा शब्द आहे का, हे अभ्यासकाने अवश्य पाहावे. प्रभारी म्हणजे नियमित नेमणूक होईपर्यंत कार्यभार सांभाळणारी व्यक्ती: सही तिची, जबाबदारी तिची, परीक्षा, प्रवेश आणि विद्यार्थ्यांचे मोर्चे सांभाळायचे तिने, पण कायम नेमणुका करण्याचे बळ आणि पुढच्या पाच वर्षांचा विचार करण्याची मुभा तिला नसते. गुजरात कॉलेजातील त्या तात्पुरत्या नेमणुकीचाच हा आजचा अवतार आहे. मराठीत प्राचार्या हा शब्द आता रुळला आहे. कुलगुरू, अधिष्ठाता आणि सरचिटणीस या शब्दांना मात्र रोजच्या वापरात स्त्रीलिंगी रूप नाही, आणि ती गरज भाषेला फार काळ भासलीच नाही.

खासगी अनुदानित महाविद्यालयांत आणखी एक दार आहे. शिक्षक आणि प्राचार्य यांच्या वर संस्था असते, संस्थेवर तिच्या सभासदांनी निवडलेले कार्यकारी मंडळ असते, आणि मराठा विद्या प्रसारक समाजासारख्या संस्थेत ही निवडणूक पॅनेल, तालुकावार प्रचार आणि मतमोजणी यांसह सार्वजनिक निवडणुकीइतक्याच तीव्रतेने लढवली जाते. प्रचारासाठी रात्री-अपरात्री गावोगाव जावे लागते, सोयरीक आणि भावकीची समीकरणे माहीत असावी लागतात, पारावरच्या बैठकीत बसावे लागते. या संस्थेच्या सरचिटणीसपदी स्त्री आली ती स्थापनेला जवळजवळ शतक होत आले तेव्हा: डॉ. वसंतराव पवार यांच्या पश्चात त्यांच्या पत्नी नीलिमाताई पवार यांनी ते पद सांभाळले, पुन्हा निवडणुका जिंकल्या आणि २०२२ पर्यंत त्या त्या पदावर होत्या. ज्या पदासाठी सभासद मत देतात ते पद टिकवणे हे केवळ घराण्याच्या पुण्याईने होत नाही, तेव्हा त्यांचे कर्तृत्व त्यांचेच मानले पाहिजे. परंतु स्वतःच्या बळावर राजकीय वारशाविना तेथवर आलेली स्त्री अजून दिसत नाही, आणि दार कोणासाठी उघडले गेले हे त्यावरून कळते. राज्याच्या २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाने अधिसभेत, म्हणजे विद्यापीठाच्या प्रातिनिधिक सभेत, प्राचार्य, अध्यापक आणि पदवीधर अशा प्रत्येक गटाच्या दहा निवडून येणाऱ्या जागांपैकी एक जागा स्त्रीसाठी राखली. शिक्षणसंस्थांच्या घटनांना मात्र हा नियम लागू होत नाही.

नाशिकच्याच दुसऱ्या टोकाला, म्हसरूळ येथे, याहून वेगळे चित्र दिसते. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची स्थापना १० जून १९९८ रोजी झाली आणि राज्यभरातील वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, होमिओपॅथी व परिचर्या महाविद्यालये त्याच्या कक्षेत आली. या विद्यापीठाच्या कुलगुरूपदावर पहिल्या दोन दशकांच्या आतच बालरोगतज्ज्ञ डॉ. मृदुला फडके आल्या आणि जुलै २०२१ मध्ये लेफ्टनंट जनरल डॉ. माधुरी कानिटकर यांनी तेथील सूत्रे घेतली. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाच्या विद्यार्थिनी आणि नंतर अधिष्ठाता राहिलेल्या कानिटकर या मुलांच्या मूत्रपिंडविकारांच्या तज्ज्ञ आहेत आणि भारतीय सशस्त्र दलांत लेफ्टनंट जनरलच्या दर्जापर्यंत पोहोचलेल्या त्या तिसऱ्या स्त्री होत. मुंबई विद्यापीठाच्या स्नेहलता देशमुख याही बालशल्यविशारद आणि शीव रुग्णालयाच्या अधिष्ठाता होत्या. मोठ्या सर्वसामान्य विद्यापीठाची पहिली महिला कुलगुरू आणि आरोग्य विद्यापीठाच्या दोन्ही महिला कुलगुरू बालवैद्यकातून याव्यात, हा योगायोग म्हणून सोडून देण्याजोगा नाही. पडद्याच्या आत पुरुष डॉक्टरला प्रवेश नसल्यामुळे एकोणिसाव्या शतकात वैद्यकाने स्त्रियांना प्रथम आत घेतले ते बाळंतिणी आणि बालके यांच्यासाठी. समाजाने आईच्या कामाचाच विस्तार समजून मान्य केलेल्या या शाखेत त्यांना पिढ्यान्‌पिढ्या अव्याहत काम करता आले, आणि प्रमुखपद मिळवण्यासाठी लागणारा सलग अनुभव तेथेच साठला.

याला जोडून दुसरेही एक कारण आहे. शासकीय वैद्यकीय सेवेत आणि सैन्याच्या वैद्यकीय दलात बढती मिळते ती लेखी निकष, सेवाज्येष्ठता आणि ठरावीक मंडळाच्या निवडीवर. सोयरीक, सभासदत्व आणि पारावरची बैठक यांचे तेथे वजन कमी पडते. लष्कराच्या इतर शाखांत स्त्रियांना कायम कमिशन, म्हणजे निवृत्तीपर्यंतची अधिकारी म्हणून नेमणूक, मिळावी यासाठी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १७ फेब्रुवारी २०२० रोजी आला. त्याच महिन्याच्या २९ तारखेला कानिटकर यांनी लेफ्टनंट जनरलची पदचिन्हे धारण केली, कारण वैद्यकीय दलाने ती वाट फार पूर्वी मोकळी केली होती. निकष लिहिलेले असले आणि सर्वांसाठी तेच असले की स्त्रिया वर येतात. निकष बोलण्यातून आणि ओळखीतून ठरत असले की त्या प्रभारी राहतात.

शरणपूरच्या वसाहतीपासून गोदावरी ओलांडून म्हसरूळच्या विद्यापीठापर्यंतचे अंतर रिक्षाने अर्ध्या तासाचे आहे. कॉर्नेलिया सोराबजी यांच्या जन्मापासून म्हसरूळमध्ये स्त्री कुलगुरूच्या आसनावर बसण्यापर्यंत १४० वर्षांच्या आसपास काळ गेला, आणि याच शहरात कॉलेज रोडवर, गंगापूर रोडवर आणि नाशिकरोडवर असलेल्या महाविद्यालयांच्या दालनांतील फलकांवर पुढच्या ओळीसाठी जागा मोकळी ठेवलेली आहे.